गोण्यांखालची स्की

भर मे महिन्यात भिवंडीजवळ शेलार गावातल्या आमच्या घरी स्की आली. खोका माझ्याहून लांब होता. टेम्पोवाल्याने तो आत घेताना दाराच्या चौकटीचा रंग खरवडला आणि वर मलाच विचारलं, "ताई, इसमें क्या है, पडदे का पाईप?" मी म्हटलं, बर्फावर चालायचं सामान आहे. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गल्लीतल्या उन्हाकडे पाहिलं, आणि सही घेऊन निघून गेला. त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

मी घरी बसून वस्तूंची परीक्षणं लिहिते. खेळाचं आणि भटकंतीचं सामान विकणाऱ्या एका कंपनीचं मानकोलीला गोदाम आहे. तिथून वस्तू येते, मी ती वापरते, कशी आहे ते लिहिते आणि परत पाठवते. तंबू मी शेजाऱ्यांच्या गच्चीवर लावून बघितलाय. रेनकोट घालून नळाखाली उभी राहिलेय. बूट असतील तर कशेळीच्या रस्त्याला चालून येते. जो बूट तिथे ट्रकांच्या मधून, खडीतून आणि गटारातून नीट परत येतो तो सह्याद्रीत कुठेही जाईल. या कामाचा मला अभिमान आहे. न वापरता मी एक ओळही लिहिलेली नाही.

आणि आता स्की. तीही साधी नाही, टेलिमार्क आणि बॅककंट्रीची. म्हणजे जिथे वर न्यायला पाळणा नाही, काही नाही, अशा डोंगरावर आपल्याच पायांनी चढायचं आणि त्याच पट्ट्यांवरून खाली घसरायचं. बुटाचा पुढचा भाग पट्टीत अडकतो, टाच मोकळी राहते, आणि वळताना मागचा गुडघा खाली न्यायचा, वज्रासनात बसता बसता कोणी हाक मारल्यासारखं. हे सगळं मी माहितीपत्रकात वाचलं होतं. प्रत्यक्षात मी बर्फ पाहिलाय तो मासळीबाजारात.

फोनवर कंपनीचे साहेब होते. वयाने माझ्याहून बरेच लहान, पण साहेब. म्हणाले, "मॅडम, व्हर्सटाइल आहे का एवढंच बघायचंय. चढण, उतार, सपाटी, वळण. चारही ठिकाणी कशी चालते ते लिहा."

"सर, बर्फ कुठून आणू?"

"थिऑरेटिकली बघा ना."

थिऑरेटिकली. असं वाटलं, फोनमधून हात घालून त्या माणसाला आमच्या पत्र्याखाली दुपारी एक वाजता बसवावं आणि सांगावं, आता थिऑरेटिकली गार व्हा. पण नाही म्हणणाऱ्याकडे पुढची वस्तू येत नाही, म्हणून मी हो म्हटलं. त्यांनी एक नंबर दिला. हिमाचलात वर कुठेतरी एक बाई आहे, ती हिवाळ्यात लोकांना डोंगर फिरवते, तिला अशा जोड्या हव्या आहेत, पण आधी कंपनीने तपासून सांगावं असं तिचं म्हणणं आहे. म्हणजे जी बर्फात राहते तिला भिवंडीने सांगायचं की स्की कशी आहे. मी नंबर लिहून घेतला आणि लाजेपोटी फोन केला नाही.

खोका उघडला तेव्हा बाबा खुर्चीतून उठून आले. ते येणारच होते. हल्ली घरात काहीही उघडलं की ते येतात.

बाबा जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम, कापड विणायचा यंत्रमाग, बिघडला की ज्याला हाक मारतात तो. धोटा कुठे अडतोय, पट्टा कुठे ढिला झालाय, हे ते लूमच्या आवाजावरून सांगायचे. माझ्या लहानपणी ते ड्युटीवरून यायचे तेव्हा हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे असायचे. मोरीत जाऊन कपड्यांची पावडर मुठीत घ्यायचे आणि खसाखसा हात धुवायचे. त्याआधी पाण्याच्या तांब्यालाही हात लावायचे नाहीत आणि मलाही नाही. मग शेठने लूम भंगारात काढले. बाबांनी त्यातले लोखंडी सुटे भाग दोन गोण्या भरून घरी आणले. लागतील म्हणाले. त्या गोण्या तेव्हापासून पलंगाखाली आहेत आणि झाडू मारताना माझ्या बोटांना लागतात, दुसऱ्या कशाला लागलेल्या नाहीत.

तेव्हापासून बाबा घर दुरुस्त करतात. बिघडलेलं असो वा नसो. कपाटाच्या बिजागऱ्या त्यांनी इतक्या आवळल्या की आता दोन हातांनी उघडावं लागतं. मला घरात बसून लिहायचं असतं आणि मागून पान्याचा आवाज येत असतो. मी चिडते, ते गप्प होतात, अर्ध्या तासाने पुन्हा पाना.

पण त्या आठवड्यात गोष्ट वेगळी होती. गावातल्याच एका कारखान्याच्या मालकाने निरोप पाठवला होता: सोमवारी येऊन जा, काम आहे. निरोप आला त्या दिवशी बाबांनी दाढी केली. नंतर मात्र त्यांना कसलीतरी धास्ती बसली. हातात चमचा घेऊन तो थरथरतो का ते बघायचे. सुईत दोरा ओवून बघायचे. "हात हाय का गेला ते आधी बघाया पायजे," म्हणायचे, "तितं जाऊन फजिती नको." ते गेले पाहिजेत असं मला फार वाटत होतं. त्यांच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर माझ्या दुपारींसाठीही.

तर बाबांनी स्की उचलली, एक डोळा मिटला आणि कडेवरून नजर लावली. लूमची लाकडं ते अशीच बघायचे.

"वाकडी हाय."

"तशीच असते बाबा. मध्ये कमान असते."

त्यांनी दोन्ही पट्ट्या तळाला तळ लावून धरल्या. टोकं टेकली आणि मध्ये बोट जाईल एवढी फट राहिली. त्यांनी त्या फटीत बोट घालून मला दाखवलं. मग बूट अडकवून टाच वरखाली केली. "ही ढिली हाय." मग तळावरून हात फिरवला. मधल्या भागात माशाच्या खवल्यांसारखी नक्षी होती. पुढून मागे गुळगुळीत लागायची, मागून पुढे खरखरीत. "आनि ही खरवडलेली. फसवलं तुला."

"अहो, चढताना मागे घसरू नये म्हणून खवले आहेत. लिहिलंय इथे."

"कोनी लिवलंय?"

"कंपनीने."

"म्हंजे तुज्यासारकंच कोनतरी."

मी माहितीपत्रक घडी करून खोक्यात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी मी खोका रिक्षाच्या टपावर बांधून मानकोलीच्या गोदामात नेला. तिथे माल चढवायचा उतार आहे, सिमेंटचा. कारखान्यात कापडाच्या घड्या घालणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मी डागी कोऱ्या कापडाचा एक तुकडा आणला होता. तो उतारावर अंथरला, त्यावर साबणाचं पाणी मारलं. ओलं सिंथेटिक कापड किती निसरडं असतं हे भिवंडीत कोणालाही विचारा. बूट चढवले, पट्ट्या लावल्या, ओढणी कमरेला बांधली आणि वर उभी राहिले. सगळे हमाल काम सोडून उतारापाशी जमले.

"मॅडम, गिरना किधर है? उधर पुठ्ठा डाल दें?" एकाने अगदी काळजीने विचारलं.

मी गुडघा वाकवला, टाच उचलली, जसं चित्रात होतं तसंच. डावा पाय गेला, उजवा राहिला, मग कापड माझ्यासकट निघालं. मी खाली पोहोचले तेव्हा कापड माझ्यावर होतं. हमालांनी खरंच पुठ्ठा टाकला होता, आणि मी नेमकी त्याच्या बाजूला पडले. कोपर सोललं. चढण बघायची म्हणून पुन्हा वर चालत जायचा प्रयत्न केला, तर ओल्या कापडाचे धागे खवल्यांत अडकले आणि अर्धं कापड माझ्यामागे फरफटत आलं. बर्फाला धागे नसतात. या सगळ्यातून मला एवढंच कळलं की ही स्की साबणाच्या पाण्यासाठी बनवलेली नाही. संध्याकाळी घरी आले, खोका दाराशी टेकवला, एकही ओळ न लिहिता झोपले.

सकाळी खोका रिकामा होता.

स्की पुढच्या खोलीत जमिनीवर होती. दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी पालथ्या नाही, सुलट्या ठेवलेल्या, कमान वर. त्यांच्यावर जुना पाट आडवा, पाटावर त्या दोन लोखंडाच्या गोण्या, आणि गोण्यांवर तांदळाचा डबा. फरशी ओली होती. टाच बसते तिथे बूट घालून त्यावरून लूमचा चामड्याचा पट्टा आवळून बांधला होता, एवढा घट्ट की टाच जागची हलू नये. बाबा शेजारी चहा पीत बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा शांत दिसत होता.

"लूमचं लाकूड वाकडं झालं की असंच करायचो," ते म्हणाले. "पानी माराचं, वजन ठेवाचं, सकाळी सरळ. तुला बोल नको लागाया, वाकडा माल दिला म्हनून. टाच पन बांधली."

मी ओरडले. काय काय ओरडले ते सगळं आठवत नाही. ही वस्तू माझी नाही, परत पाठवायची आहे, हे लाकूड नाही, हे लूम नाहीत, आता लूम नाहीतच कुठे, असं बरंच काही. शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि बाबांनी कप खाली ठेवला. ते उठले, डबा उतरवला, एक एक गोणी उतरवली. मी मदत केली नाही. शेवटी त्यांनी पाट उचलला.

स्की वर आली. सावकाश नाही, एकदम, टपकन. मधली कमान होती तशीच. बाबांनी पुन्हा पट्ट्या जोडून धरल्या. फट होती. त्यांनी तिच्यात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

मला हायसं वाटलं होतं. वस्तू वाचली. पण बाबा खुर्चीत जाऊन बसले आणि हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

"रातभर ठेवली," ते म्हणाले. "कायपन झालं न्हाय."

"व्हायचंच नव्हतं बाबा. ती तशीच असते."

"हात गेला माजा. सोमवारी न्हाय जात."

मी समजावलं. माहितीपत्रक वाचून दाखवलं, चित्र दाखवलं. ते नुसते मान हलवत होते, जशी मी त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी रचून सांगतेय. आणि खरंच, माझ्यावर कशाला विश्वास ठेवायचा? मी ना कधी लूम चालवला, ना बर्फावर पाय ठेवला. एवढा संताप आला मला. साहेबांचा, बाबांचा, त्या गोण्यांचा, सगळ्यांचा. त्या संतापातच मी हिमाचलच्या बाईचा नंबर लावला. लाजबीज सगळी गेली होती.

तिकडे कुत्रं भुंकत होतं. मी स्पीकर लावला आणि जे झालं ते हिंदीत सांगून टाकलं: मी भिवंडीतून बोलतेय, इथे बर्फ नाही, माझ्या वडिलांनी तुमच्या स्कीवर रात्रभर लोखंड ठेवलं.

ती हसेल म्हणून मी तयार होते. ती हसली नाही. "वज़न हटाया तो वापस उठी?"

"हो. हाँ. उसी टाइम."

"दोनों बराबर उठीं? एक कम, एक ज़्यादा तो नहीं?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा खुर्चीतून पुढे झुकले. "दोनो सेम," ते फोनला म्हणाले. "मैंने उंगली डालके देखा."

"फिर अच्छी है चाचाजी. जो दब के बैठ जाती है, वो हमारे काम की नहीं। दोनों पैर पे खड़े हो तो बीच का हिस्सा बर्फ़ से ऊपर रहना चाहिए, तभी फिसलेगी। और चढ़ाई में एक पैर पे पूरा वज़न डालो तो नीचे दबे और पकड़े। इसलिए वो उठी हुई है।"

बाबांनी एका पट्टीवर तळवा ठेवून ती दाबून बघितली. मग अगदी तक्रारीच्या सुरात विचारलं, "और एड़ी कायको ढीली रखी?"

"आप सीढ़ी कैसे चढ़ते हो? एड़ी उठा के ना?"

बाबा उठले आणि खोलीत दोन-चार पावलं चालले, स्वतःच्या टाचांकडे बघत. तिने आणखी एक सांगितलं. गुळगुळीत फरशीवर स्की ठेवा, बेटीला वर उभी करा, आणि मधल्या भागाखाली कागद सरकवून बघा. दोन्ही पायांवर उभी असताना कागद सरकला पाहिजे, एकाच पायावर सगळं वजन टाकलं की अडकला पाहिजे. बर्फ नसेल तिथे एवढं तर बघताच येतं, ती म्हणाली. हे मला कोणी दोन दिवस आधी सांगितलं असतं तर माझं कोपर वाचलं असतं.

मी बूट चढवले. बाबांनी स्वतः बांधलेला पट्टा सोडला, वाकून, नखाने गाठ उकलत. मी उभी राहिले. ते जमिनीवर बसले, जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, माझ्या पायांखाली सरकवलं.

"सरकतो हाय. आता उजव्यावर."

मी डावा पाय उचलला, भिंत धरली. त्यांनी कागद ओढला. ओढला, आणखी जोरात ओढला. फाटला, पण आला नाही.

"धरलंन," ते म्हणाले. मग दुसऱ्या पायावर बघितलं, मग पुन्हा पहिल्यावर. लूमच्या फटी ते कागदानेच बघायचे म्हणे. माझे पाय भरून आले तरी ते उठेनात. शेवटी उठले ते गुडघ्यावर हात टेकून, आणि म्हणाले, "सोमवारी जाऊन येतो."

त्या दिवशी मी परीक्षण लिहिलं. चढण, सपाटी याबद्दल जेवढं कळलं तेवढं लिहिलं, उतार आणि वळण मला कळलेलं नाही असं स्पष्ट लिहिलं. आणि एक वाक्य असं लिहिलं: ही स्की एका अनुभवी जॉबरने रात्रभर लोखंडाच्या गोण्यांखाली दाबून ठेवली, सकाळी वजन काढल्यावर दोन्ही पट्ट्या सारख्याच आपल्या आकारात परत आल्या. आजवर लिहिलेल्या सगळ्या परीक्षणांत यापेक्षा खरं वाक्य माझ्या हातून उतरलेलं नाही.

सोमवारी सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पक्कड, पाना आणि धागे ओढायचा हुक रुमालात गुंडाळून खिशात घेतला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले आणि गेले. मी दाराशी उभी राहून ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत बघत होते.

मग साहेबांचा फोन आला. परीक्षण छान आहे, म्हणाले, फक्त गोण्यांचं वाक्य काढलंय. आणि उतार-वळणाचं कळलं नाही असं लिहायचं नसतं, तिथे त्यांनी 'उत्कृष्ट' टाकलंय. मी भांडले. बर्फावर न जाता उत्कृष्ट कसं? ते म्हणाले, मॅडम, तुम्ही तरी कुठे गेलात? मी म्हटलं, म्हणूनच तर तसं लिहिलं. ते म्हणाले, गोण्या वगैरे वाचून कस्टमर घाबरतो. मी म्हटलं, हिमाचलची ती बाई कस्टमरच आहे, दबून परत उठते तीच चांगली असं तिनेच सांगितलंय. त्यांना दुसरा फोन येत होता.

बाबा जेवणाच्या आधीच परत आले. मी ताट घेऊ का विचारलं तर नको म्हणाले. खिशातून रुमाल काढला, उघडला, पक्कड, पाना, हुक एक एक करून डब्यात ठेवले आणि झाकण लावलं.

"काय झालं बाबा? हात बघितला का त्यांनी?"

"हात काय बघनार. लूम न्हायत तितं. नव्या मशनी हायत, टीवीसारकी काच हाय, पोरी बटनं दाबतात. जॉबर कंपनीचा येतो, मोटरसायकलवरनं." त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा दाबलं. "गेटवर बसाया मानूस पायजे होता. वॉचमन. उद्यापासून ये बोलले."

"मग?"

"हो बोललो."

मला काहीतरी फेकावंसं वाटलं. आठवडाभर त्यांनी चमचे धरले, सुया ओवल्या, स्कीवर लोखंड ठेवलं. त्यांना बघायचं होतं हात आहे की गेला, आणि तिथे कोणी हात मागितलाच नाही. पण फेकायला हाताशी फक्त तांदळाचा डबा होता.

"ते लिवलंस का?" बाबांनी विचारलं. "गोन्या ठेवल्याचं?"

"लिहिलं."

"आलं का मोबाईलवर? वाचून दाखव."

कंपनीच्या पानावर ते वाक्य नव्हतं. मी माझ्या कच्च्या मसुद्यातून वाचून दाखवलं. अनुभवी जॉबर या शब्दांपाशी त्यांनी मान वर केली. सगळं झाल्यावर म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं.

मग ते उठले, मोरीत गेले, कपड्यांची पावडर मुठीत घेतली आणि हात धुवायला बसले, कोपरापर्यंत, खसाखसा, खूप वेळ. हात स्वच्छच होते.